इशारा तपासावा कसा, आणि फसलो तर पहिल्या तासात काय करावे : नागपुरात शिकणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ येथील मुले-मुली नागपुरात शिकायला येतात, आणि पहिल्या पंधरा दिवसांतच त्यांना खोली, मेस, सिमकार्ड, बँक खाते, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जमल्यास एखादे अर्धवेळ काम अशा सहा गोष्टी उरकायच्या असतात. या सहाही ठिकाणी अनोळखी माणसाला पैसे किंवा कागदपत्रे द्यावी लागतात, आणि हे वेळापत्रक भामट्यांना विद्यार्थ्यांपेक्षा चांगले पाठ असते.

एका महाविद्यालयात विद्यार्थी कल्याणाचे काम पाहताना सूचनाफलकावर लावायच्या खबरदारीच्या सूचना मीही पुष्कळ लिहिल्या. त्यांचा उपयोग कमी का होतो, हे उशिरा लक्षात आले. सूचनेत मागच्या वर्षीच्या फसवणुकीचे वर्णन असते, आणि वाचणाऱ्यासमोर यंदाची फसवणूक उभी असते. ओटीपी कोणाला देऊ नका, हे पाठ असलेला मुलगा ओटीपी न देताच फसतो, कारण त्याच्याकडे ओटीपी कोणी मागितलेलाच नसतो. त्याला लग्नाच्या पत्रिकेच्या नावाखाली एक एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायला सांगितलेले असते. म्हणून येथे युक्त्यांची यादी देण्याऐवजी आधी काय तयार ठेवावे, आलेली सूचना कशी पारखावी आणि पैसे गेल्यावर कोणत्या क्रमाने हालचाल करावी, हे सांगितले आहे.

एका संध्याकाळची तयारी

परदेशी विद्यापीठांच्या बातम्या वाचून अनेकांचा समज होतो की विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस असतात. अमेरिकेत तसे आहे, आणि आवारातील गंभीर गुन्ह्याची माहिती विद्यार्थ्यांना वेळेवर द्यावी असे तेथील १९९० चा एक कायदा सांगतो. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे अमरावती मार्गावरील आवार असो की व्हीएनआयटी, दारावर उभे असतात ते सुरक्षा रक्षक. गुन्हा नोंदवण्याचा अधिकार असतो तो त्या हद्दीतील पोलीस ठाण्याला. त्यामुळे पहिले काम असे की आपले वसतिगृह किंवा खोली कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, हे घरमालकाला किंवा वॉर्डनला विचारून लिहून ठेवावे. महाविद्यालयाची हद्द आणि खोलीची हद्द पुष्कळदा वेगळी असते.

त्यानंतर फोनमध्ये चार क्रमांक नावानिशी साठवावेत : कोणत्याही तातडीसाठी ११२, आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३०, रॅगिंगविरोधी मदतीसाठी १८००-१८०-५५२२, आणि आपल्या बँकेचा मदत क्रमांक. यातील शेवटचा क्रमांक एटीएम कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरूनच उतरवावा. गुगलवर बँकेचे कस्टमर केअर शोधणे हा फसण्याचा स्वतंत्र मार्ग आहे, कारण तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही सापडतात, आणि पैसे गेलेला घाबरलेला माणूस नेमका त्याच क्षणी शोधायला जातो. हेच चार क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावरही असावेत. फोनच चोरीला गेला तर फोनमधले क्रमांक काय कामाचे?

फोनच्या डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो त्याच पानावर उतरवावा. सीताबर्डीच्या गर्दीत किंवा बसमध्ये फोन गेला, तर पोलीस तक्रारीची प्रत आणि हा क्रमांक देऊन दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरून तो फोन देशभरातील नेटवर्कवर बंद करता येतो. त्याच संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत, हेही दिसते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला असेल, तर त्याचा परिणाम येथे उघड होतो. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथूनच तो आपला नाही असे कळवावे.

व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावणे, सिमला पिन लावणे आणि यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करणे, ही तीन कामे दहा मिनिटांची आहेत. याशिवाय एक गोष्ट मी आग्रहाने सुचवतो. शिष्यवृत्ती आणि घरून येणारी फीची रक्कम ज्या खात्यात जमा होते, ते खाते यूपीआयला जोडूच नये; रोजच्या चहा-पोह्यांसाठी दुसरे लहान खाते ठेवून त्यात आठवड्यापुरते पैसे वळते करावेत. फसवणूक झालीच, तर ती आठवड्याच्या खर्चाएवढी होते, सत्राच्या फीएवढी होत नाही.

आलेला इशारा खरा आहे का

वसतिगृहाच्या गटावर येणाऱ्या सूचनांत खऱ्या सूचना असतात, जुन्या सूचना असतात आणि सूचनेच्या वेषातली फसवणूकही असते. प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न विचारावेत : ती कोणी काढली, कोणत्या तारखेची आहे, आणि ती मला नेमके काय करायला सांगते. तारीख नसलेली सूचना पुढे पाठवू नये. शहरात मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश तारखेविना वर्षानुवर्षे फिरतात, आणि अशाच अफवेतून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला.

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. खरी सूचना सावध राहायला, एखादा रस्ता टाळायला किंवा एखाद्या क्रमांकावर कळवायला सांगते. ती लिंक उघडून केवायसी अद्ययावत करायला, ॲप उतरवायला किंवा दंड भरायला सांगत असेल, तर तिथेच थांबावे. वाहतूक चलनाच्या नावाने एपीके फाइल आली, तर चलन खरे आहे की खोटे हा विचार नंतर करावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः गाडीचा क्रमांक टाकून ते पाहता येते. एपीके उघडून परवानग्या दिल्या की फोनवर येणारे संदेश, म्हणजेच ओटीपी, परस्पर दुसरीकडे वाचले जातात.

पारखण्याच्या काही बाह्य खुणाही आता उपलब्ध आहेत. २०२५ पासून कंपन्या व संस्थांच्या लघुसंदेशात पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक रोमन अक्षर येते : सरकारी संदेशाला जी, व्यवहाराच्या संदेशाला टी, सेवेच्या संदेशाला एस आणि जाहिरातीला पी. बँकेचा म्हणून आलेला संदेश साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून आला असेल, तर तो बँकेचा नाही, असेच धरून चालावे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांची संकेतस्थळे डॉट बँक डॉट इन या शेवटाकडे वळवण्यात आली आहेत, तेव्हा पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावावी. या खुणा असल्या म्हणजे संदेश खराच, असे मात्र म्हणता येत नाही. नसल्या तर संशय घ्यावा, एवढाच त्यांचा उपयोग.

प्रत्यक्ष सुरक्षिततेच्या सूचना मात्र हलक्यात घेऊ नयेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरले. तळमजल्यावर खोली घेतलेल्या विद्यार्थ्याने पावसाळ्यात प्रमाणपत्रांची पिशवी वरच्या फळीवर ठेवावी आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत ॲप घ्यावे. जानेवारीत दुचाकीवर नायलॉन मांजापासून गळ्याला संरक्षण हवे. बंदी असूनही तो दर संक्रांतीला उडतोच. आणि मुलींनी एक फरक लक्षात ठेवावा : छेडछाडीविरुद्ध फिरते ते पोलिसांचे दामिनी पथक, आणि वीज पडण्याचा इशारा देते ते दामिनी ॲप. दोन्ही उपयोगाची आहेत, पण प्रसंग आला की फिरवायचा क्रमांक ११२ हाच.

खोली आणि नोकरी : पैसे आधी मागणारा

खोलीच्या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. प्रतापनगर, नंदनवन किंवा हिंगणा मार्गावरची सुंदर खोली संकेतस्थळावर भाव उतरवून दिसते, मालक स्वतःला लष्करात किंवा परगावी नोकरीला असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो आणि पाहायला येण्यासाठी गेट पास किंवा खोली राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागतो. येथे नियम एकच : कुलूप उघडून आत पाऊल टाकल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. खोली पाहिल्यावरही शेजारच्या भाडेकरूशी बोलावे, वीजबिलावरील नाव आणि मालकाचे नाव जुळते का ते पाहावे आणि अनामत रकमेची सहीची पावती घ्यावी. परत देण्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठवला जातो, तेव्हा हे आठवावे की पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

नोकरीच्या फसवणुकीत डेटा एंट्रीचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात मुले पैशांबरोबर धीरही गमावतात. आठ-दहा दिवसांत काही शे पाने टंकलिखित करायची, भरपूर मोबदला मिळणार, असे सांगून एका करारावर ऑनलाइन सही घेतात. काम पूर्ण झाले की त्यात चुका जास्त आहेत म्हणून ते नाकारले जाते, आणि वकिलाच्या नावाने नोटीस येते : करारभंगाची भरपाई द्या, नाही तर खटला भरू, महाविद्यालयाला कळवू. एका विद्यार्थिनीने घरी कळू नये म्हणून मैत्रिणींकडून उसने घेऊन तीनदा पैसे भरले, आणि प्रत्येक भरण्यानंतर मागणी वाढतच गेली. अशी नोटीस आली तर पैसे न देता, उत्तरही न देता, ती नोटीस, करार आणि संभाषण जपून ठेवावे आणि तक्रार नोंदवावी. फसवून घेतलेली सही वसुलीचा हक्क देत नाही, आणि खरा दिवाणी दावा न्यायालयाच्या समन्साने सुरू होतो, व्हॉट्सॲपवरच्या धमकीने नव्हे.

टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे काम मिळाले आणि पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात आले, तर ते गळाला लावलेले आमिष समजावे. पुढे प्रीपेड टास्क म्हणून पैसे भरायला लावतात, पडद्यावर नफा वाढताना दिसतो आणि काढायला गेले की कर भरा म्हणतात. परदेशातील नोकरी असेल, तर एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. कंबोडिया आणि म्यानमारमध्ये डेटा एंट्रीच्या नावाने नेलेल्या भारतीय तरुणांना कोंडून, त्यांच्याकडूनच सायबर फसवणूक करवून घेतल्याची प्रकरणे उघड झालेली आहेत.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतील जागा राज्य सीईटी कक्षाच्या गुणवत्ता यादीनेच मिळते, तेथे मध्यस्थाला करण्यासारखे काही नसते. आणि संस्थेचे नाव नवखे वाटले तर विद्यापीठ अनुदान आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी पाहावी, जिच्यात नागपूरचा पत्ताही आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. ती लवकर सोडवून देतो म्हणणारा माणूस तुमचा लॉगिन मागतो आहे, हे ओळखावे.

खाते भाड्याने देणे

ज्या मुलाला आपण फसवले जात आहोत असे वाटतच नाही, असा हा एकमेव प्रकार आहे. वरच्या वर्गातील ओळखीचा मुलगा सांगतो की त्याच्या भावाच्या ऑनलाइन गेमिंगच्या व्यवसायाला खाती हवी आहेत. पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेले सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील. त्या खात्यातून कोणा निवृत्त माणसाची आयुष्याची पुंजी पुढे सरकवली जाते. तपास खात्याच्या मालकापासून सुरू होतो, आणि भाड्याने घेणाऱ्याचा तोवर पत्ता नसतो. परराज्यातील पोलीस वसतिगृहाच्या दारात उभे राहतात, तेव्हा मला काही माहीत नव्हते, या वाक्याला फारसे वजन उरत नाही.

कोणी खाते दिलेच असेल, तर आजच शाखेत लेखी अर्ज देऊन ते बंद करावे, सिम बंद करावे आणि पालकांना सोबत घेऊन, शक्य तर वकिलाचा सल्ला घेऊन, पोलिसांना आपण होऊन माहिती द्यावी. काही न करताही खाते गोठू शकते, उदाहरणार्थ जुना लॅपटॉप विकला आणि खरेदीदाराने फसवणुकीच्या पैशातून रक्कम दिली. तेव्हा बँकेकडून तक्रारीचा पोचपावती क्रमांक, वादग्रस्त रक्कम आणि संबंधित पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागावे, विक्रीचे पुरावे त्या ठाण्याला पाठवावेत आणि केवळ वादग्रस्त रक्कम रोखून उरलेले खाते मोकळे करण्याची विनंती करावी.

पोलीस म्हणून आलेला व्हिडिओ कॉल

तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असा फोन येतो, गणवेशातला माणूस व्हिडिओवर दिसतो आणि खोलीचे दार लावून कॅमेरा चालू ठेवायला सांगतो. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही तरतूद नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्येही हे सांगितले. पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. फोन कापावा, दार उघडावे आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाला बोलवावे. या फसवणुकीची सारी ताकद बळी एकटा असण्यात आहे. दुसरे माणूस खोलीत आले की ती ओसरते.

अश्लील व्हिडिओ कॉलच्या चित्रफितीवरून पैसे मागितले जातात, तेव्हाही पैसे देऊ नयेत, कारण पैसे देणारा म्हणजे पुन्हा मागण्याजोगा माणूस, अशीच त्यांच्याकडे नोंद होते. संभाषण पुसू नये. पडद्याची छायाचित्रे आणि समोरच्याच्या प्रोफाइलचा पत्ता जपून मग ब्लॉक करावे. महिला व मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न देताही करता येते. पालकांपैकी किंवा शिक्षकांपैकी एका माणसाला त्याच दिवशी सांगावे. लाज वाटणे स्वाभाविक आहे, पण धंदा तिच्यावरच चालतो.

पैसे गेल्यानंतरचा पहिला तास

चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात मिनिटांत हलवले जातात आणि शेवटी रोखीने काढले जातात. ते कोणत्या तरी खात्यात असेपर्यंतच रोखता येतात, म्हणून सगळी धडपड या वेळेसाठी आहे. भामट्याला पुन्हा फोन करून विनवण्या करण्यात पहिली वीस मिनिटे जातात, असे मी वारंवार पाहिले आहे.

सर्वांत आधी १९३० ला फोन करावा. आपला मोबाइल क्रमांक, बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक विचारला जातो; हा क्रमांक यूपीआय ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात असतो. ओळ व्यस्त असेल तर मित्राच्या फोनवरून प्रयत्न चालू ठेवून, त्याच वेळी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरायला बसावे. मिळालेला पोचपावती क्रमांक वहीत उतरवावा आणि उरलेली माहिती त्याच दिवशी पूर्ण करावी.

दुसरा फोन बँकेला : कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगून तक्रार क्रमांक घ्यावा. शाखेत नंतर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्याला मोल आहे.

एपीके उघडली असेल, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाकावा आणि वरील दोन्ही कामे दुसऱ्याच्या फोनवरून करावीत. पासवर्डही दुसऱ्या उपकरणावरूनच बदलावेत. फोन फॅक्टरी रीसेट करण्याची घाई मात्र करू नये. पुराव्याची छायाचित्रे घेईपर्यंत थांबावे.

पोलीस ठाण्यात जाताना

सोबत घटनाक्रम एका पानावर वेळेनुसार लिहून न्यावा, बँकेचे विवरणपत्र, पडद्याची छायाचित्रे, भामट्याचा क्रमांक व यूपीआय पत्ता, आणि संकेतस्थळावरील पोचपावती जोडावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा मुद्दा त्यात आड येत नाही; ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. आमच्या हद्दीत येत नाही असे उत्तर मिळाले, तर वाद न घालता या कलमाचा उल्लेख असलेला अर्ज द्यावा आणि पोच मागावी. गुन्हा नोंदवल्यावर प्रथम खबर अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

इतरांसाठी सूचना लिहायची असेल तर

फसलेल्या मित्राचे नाव, वर्ग किंवा गाव सूचनेत येऊ देऊ नये. नाव आले की पुढचा फसलेला मुलगा गप्प बसतो. भामट्याने उच्चारलेले वाक्य मात्र जसेच्या तसे द्यावे, कारण वाचणाऱ्याला तेच ऐकू येणार असते. तारीख वर, कृती शेवटी, आणि एका सूचनेत एकच फसवणूक. आमच्या वसतिगृहात मेसच्या दारावर आम्ही लावतो ती सूचना साधारण अशी असते :

‘आजची तारीख. या आठवड्यात आपल्या वसतिगृहातील एकाला असा फोन आला : तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, पाठवलेले ॲप उतरवून दहा रुपये भरा. महाडीबीटी कोणतेही ॲप व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ॲप उतरवले असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, मित्राच्या फोनवरून १९३० लावा आणि रात्री कितीही वाजले असले तरी वॉर्डनचे दार वाजवा. ही सूचना पंधरा दिवसांनी काढून टाकली जाईल.’